जरा उघडा करा

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा जवारीला, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून आवाज लावून घ्यायला, देऊन कुणी तिथेच बैठक मारली, तर कानावर पडणारं बोलणं साधारण असं असतं. "जोड बोलत नाहीये." "खर्ज बसलाय जरा." "पंचम फार उघडलात, थोडा गोल करा." जोड, खर्ज, पंचम ही तंबोऱ्याच्या तारांची नावं. समोरचा कारागीर उलट काही विचारत नाही. तार बाजूला सारतो, घोडीवर हलकेच कानस ओढतो, बोटाने भुकटी पुसतो, तार जागेवर आणतो, तिच्याखाली सुताचा तुकडा सरकवतो आणि छेडतो. "आता?" "हां... अजून किंचित." पुन्हा कानस.

माझी आत्या आयुष्यभर गाणं शिकवत आली. मैफिली फारशा केल्या नाहीत, पण तंबोऱ्याच्या बाबतीत तिच्याइतकी हट्टी बाई मी पाहिलेली नाही. पुण्यात जवारी काढून देणारे आहेत, तरी तिचे तंबोरे मिरजेलाच जाणार आणि ती स्वतः सोबत जाणार. शाळेत होतो तेव्हापासून मी तिचा हमाल. कारागीर तिच्याहून वयाने बरेच मोठे. ती त्यांना चाचा म्हणायची, ते तिला ताई. दोघांचं अख्ख्या दुपारचं संभाषण उतरवून घेतलं तर एक पान भरणार नाही, आणि त्या पानावर एकही आकडा सापडणार नाही. किती घासायचं, कुठे घासायचं, सूत किती सरकवायचं, हे कुणी कुणाला सांगत नसे. ती फक्त आवाज कसा आहे ते सांगायची. तेही "गोल", "उघडा", "बसलेला", "कोरडा" असल्या शब्दांत. यातला एकही शब्द खरं तर आवाजाचा नाही.

मला तेव्हा हे सगळं थोतांड वाटायचं. कारण चाचांनी घोडी घासण्याआधीचा आणि नंतरचा आवाज मला सारखाच ऐकू यायचा. पुढे कधीतरी एका दुपारी फरक ऐकू आला, आणि आला तो एकदम. आत्या म्हणाली "बघ, उघडली", आणि तिच्या त्या शब्दाबरोबर तारेतून एक बारीक सोनेरी भुणभुण सुटून वर चढताना मी ऐकली. ती आधीच्या छेडीतही असणार. शब्द पडेपर्यंत माझा कान तिथे गेला नव्हता, इतकंच.

आता त्या घोडीविषयी सांगायला हवं, कारण सगळी गंमत तिथे आहे. व्हायोलिनची तार जिथे टेकते ती घोडी म्हणजे पातळ उभी पट्टी. तार तिच्या वरच्या कडेवर टेकते आणि प्रश्न मिटतो. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि आडवी. डोळ्याला ती सपाट दिसते, पण तिला अगदी मंद उतार दिलेला असतो. तार त्या उतारावर नुसती टेकत नाही. कंप पावताना ती पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा शिवत आणि सुटत राहते. या शिवण्या-सुटण्यातून वरचे बारीक स्वरांश, म्हणजे मूळ स्वराच्या पोटात दडलेले उंच स्वर, जागे होतात, आणि तार छेडल्यानंतर काही क्षण त्यांचा रंग बदलत राहतो. सूत सरकवलं की तार घोडीला कुठे शिवते ते बदलतं. केसभर पुढे, केसभर मागे. तेवढ्यात आवाज उघडतो किंवा मिटतो.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये वीणा आणि तंबोऱ्यावर एक निबंध लिहिला होता. त्यांना खटकलेली गोष्ट अशी की पाठ्यपुस्तकातला यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम तंबोऱ्याला लागू पडत नाही. तार जिथे छेडावी तिथे ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू, म्हणजे त्याची न हलणारी जागा, येतो, तो स्वरांश त्या आवाजात उमटू नये, असं तो नियम सांगतो. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा हे सगळे गप्प राहायला हवेत. तंबोऱ्यावर ते ठणठणीत ऐकू येतात, आणि याचं श्रेय रामन यांनी त्या रुंद घोडीला आणि तिच्यावरच्या सुताला दिलं. आत्याला मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं. ती म्हणाली, "मग? खर्जातून गंधार येतो तो कुठून येतो असं वाटलं तुला?" खर्जाच्या तारेचा पाचवा स्वरांश म्हणजे गंधार. तंबोऱ्यावर गंधाराची तार नसते, तरी चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यात तो ऐकू येतो, हे तिच्या विद्यार्थिनींना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शिकवलं जायचं. शिकवलं जायचं म्हणजे तंबोऱ्याशेजारी बसवून, बोट वर करून, "हा... हा बघ... आला", असं.

मिरजेला ही वाद्यं आली त्याची हकिगत बहुतेकांना ठाऊक असेल. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तलवारींचे दिवस सरले आणि फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्यांकडे वळले. संस्थानाचा आश्रय मिळाला, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा मिळाला, आणि गल्ली उभी राहिली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मला यातली मौज वेगळीच वाटते. ज्यांच्या पिढ्या धार लावण्यात गेल्या, त्यांच्या नातवंडांचं कसब घोडीला कुठेही धार राहू न देण्यात आहे.

पण मूळ मुद्दा त्या निराकार शब्दांचा. आत्या "गोल करा" म्हणते आणि चाचा गोल करतात. चूक होत नाही. पुष्कळ दिवस मी याचं स्पष्टीकरण असं देत होतो की दोघांचे कान तयार आहेत. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. कारण तेवढेच तयार कान असलेली माणसं दुसरीकडे याच शब्दांवरून एकमेकांशी भांडताना मी पाहिली आहेत. सतारीचंच घ्या. रविशंकरांची जवारी खुली, विलायत खाँसाहेबांची बंद, हे सगळेच मान्य करतात. तिथून पुढे मात्र एकाला जो आवाज "मोकळा" तो दुसऱ्याला "चरचरीत", आणि एकाला जो "गोळीबंद" तो दुसऱ्याला "कोंडलेला". भांडणारे दोन्हीकडचे लोक जाणकार असतात. फरक एवढाच की त्यांच्यापैकी कुणाच्याही हातात कानस नसते.

मला वाटतं, आवाजाबद्दलच्या शब्दांचा अर्थ इथेच कुठेतरी ठरतो. "गोल" या शब्दाने आत्या आवाजाचं वर्णन करतच नव्हती. ती चाचांना काम सांगत होती. शब्द पडला, कानस फिरली, तार वाजली, मान हलली किंवा नाही हलली. असं वर्षानुवर्षं झालं की शब्दाला अर्थ चढतो. तो अर्थ शब्दकोशात नसतो आणि तो त्या दोघांपुरता असतो. दुसऱ्या गल्लीतल्या दुसऱ्या चाचांकडे गेलं तर पहिले काही तास पुन्हा जुळवाजुळवीतच जातात.

याची उलट बाजू पाहायची तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा कुठल्याही मोठ्या दुकानात स्पीकर घ्यायला जावं. विक्रेता एक ठरलेलं गाणं लावतो, या स्पीकरवर, मग त्या स्पीकरवर. गिऱ्हाईक मान तिरकी करून ऐकतं आणि म्हणतं, "हा जास्त क्लिअर आहे." बहुतेक वेळा तो "क्लिअर" स्पीकर दुसऱ्यापेक्षा नुसता थोडा मोठा वाजत असतो. फरक फार असला तर आपण "मोठा" म्हणतो. फरक अगदी थोडा असला तर तो मोठेपणा म्हणून कळतच नाही. तो स्वच्छपणा म्हणून, भरदारपणा म्हणून, "आवाज खुललाय" म्हणून कळतो. हे विकणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. याच्यामागचं एक कारण कानातच आहे. १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं की आवाज हळू झाला की कानाला सगळ्याच पट्ट्या सारख्या हळू होत नाहीत. खालच्या पट्टीतलं जास्त हरवतं. जुन्या टेप-डेकवर "लाउडनेस" नावाचं बटण असायचं ते याचसाठी, रात्री हळू आवाजात ऐकताना डग्गा परत आणायला. आमच्याकडे ते बटण कायम दाबलेलं असायचं, दिवसरात्र. घरात कुणाला ते कशासाठी आहे याची कल्पना नव्हती. ते सोडलं की "गाणं उतरतं" एवढंच सगळ्यांचं मत होतं.

हेडफोन आणि स्पीकरची परीक्षणं वाचायची मला सवय आहे. वॉर्म, ब्राइट, एअरी, मडी. त्या लेखकांची चेष्टा करायचा मोह होतो, पण त्यांचा दोष मला वेगळा दिसतो. "वॉर्म" हा शब्द "गोल" या शब्दापेक्षा जास्त धूसर नाही. पण लिहिणारा एका खोलीत, वाचणारा दुसऱ्या खोलीत, आणि मध्ये काही हलत नाही. शब्द पडतो आणि त्याचं काहीच होत नाही. मग तो शब्द हळूहळू दुसऱ्याच कामाला लागतो: किंमत किती, कंपनी कोणती, लाकडी आहे का. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हरमन कंपनीतल्या ४० जणांना तेच स्पीकर दोनदा ऐकवले, एकदा दिसतील असे आणि एकदा पडद्याआड. स्पीकर दिसू लागताच गुण बदलले. मोठ्या, महागड्या पेटीला जास्त मिळाले. ही सगळी माणसं स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतली होती, हे विसरू नये.

व्हायोलिनवाल्यांचं याहून रंजक आहे. ध्वनिशास्त्रज्ञ क्लॉडिया फ्रिट्झ आणि व्हायोलिन घडवणारे जोसेफ कर्टिन यांनी २०१० मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला २१ वादकांना एका हॉटेलच्या खोलीत सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन नवी, तीन जुनी. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियसची आणि एक ग्वार्नेरीचं, दोघेही जुने नामांकित इटालियन कारागीर. खोलीत अंधूक उजेड, वादकांच्या डोळ्यांवर काळे गॉगल, आणि जुन्या लाकडाचा वास ओळखू येऊ नये म्हणून हनुवटी टेकते तिथे अत्तराचा थेंब. जुनं कोणतं आणि नवं कोणतं, हे त्यांना सांगता आलं नाही. सगळ्यात नापसंत ठरलं ते एक स्ट्रॅडिव्हेरियसच. दोन वर्षांनी पॅरिसजवळ दहा नामांकित एकल वादकांना घेऊन, बारा व्हायोलिनांवर, हाच खेळ पुन्हा झाला. तिथेही दहापैकी सहा जणांनी नवं व्हायोलिन निवडलं. बातम्यांनी यावरून जुन्या वाद्यांची भरपूर टिंगल केली. मला तो भाग तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. माझं लक्ष गेलं ते मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात झालेल्या कामाकडे. तिथे अनुभवी वादकांना अनेक व्हायोलिनांचा क्रम लावायला सांगितला. तोच वादक पुन्हा आला की बऱ्यापैकी तोच क्रम लावी. पण दोन वादकांचे क्रम एकमेकांशी जुळत नसत. आवाजाचा समृद्धपणा हा एकच निकष दिला, तरीही नाही. म्हणजे प्रत्येकाच्या कानाला काय हवंय ते पक्कं ठाऊक होतं. शब्द मात्र सगळ्यांचा एक असूनही कुणाचाच एक नव्हता.

टूल-ऑलिव्ह मंडळींनी यावर काढलेला उपाय मला फार आवडतो. श्रोत्यांना तयार करायला त्यांनी व्याख्यानं दिली नाहीत. संगणकावर गाणं वाजतं, त्यातली एखादी पट्टी वर किंवा खाली केली जाते, आणि श्रोत्याने कुठे काय हललं ते ओळखायचं. चुकलं की पुन्हा. शब्द आणि हालचाल यांची गाठ बसेपर्यंत पुन्हा. सतारमेकर गल्लीत जे पिढीजात चालतं ते त्यांनी यंत्रावर बसवलं, आणि बहुधा त्यांना त्या गल्लीचा पत्ताही नसेल.

मध्यंतरी हा सगळा विषय अगदी घरात आला. बाबांना ऐकू कमी येऊ लागलं. ते स्वतः हे कधी मान्य करत नसत. त्यांची तक्रार एकच: "तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात बोलता." आणि ती तक्रार एका अर्थाने बिनचूक होती. वयानुसार आधी जातात त्या वरच्या पट्ट्या. मराठीतले स्वर, आ आणि ओ, खालच्या आणि मधल्या पट्टीत असतात, ते शाबूत राहतात. स, श, त, क यांची फुंकर आणि टिचकी वरच्या पट्टीत असते, ती गळते. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. आत्या फोनवर "साठ" म्हणाली की बाबांना "आठ" ऐकू यायचं, आणि मग लग्नाला किती माणसं येणार यावरून बहीण-भावात रंगायचं. फोन तर याहून अवघड. साध्या फोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्टीचा आवाज जायचा. स च्या फुंकरीचा बराच भाग त्याच्या वर. मजा म्हणजे पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर सहसा १००-१५० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तोही त्या पट्टीत नाही. तरी आपल्याला फोनवर वडिलांचा जाड आवाज जाडच ऐकू येत आलाय. वरच्या स्वरांशांमधल्या अंतरावरून मेंदू खालचा हरवलेला स्वर स्वतःच भरून काढतो. छोट्या ट्रान्झिस्टरवर आपण डग्गा ऐकायचो तोही बराचसा असाच, स्वतःच्या पदरचा.

तर श्रवणयंत्र आलं. ते बसवून देणारी ऑडिओलॉजिस्ट मुलगी तिशीचीही नसेल. बाबांना काका म्हणायची, आणि तिच्यात चाचांचा एक गुण होता: शब्दाला हसायची नाही. पहिल्या दिवशी यंत्र कानात गेल्यावर बाबा म्हणाले, "माझाच आवाज रांजणातून येतोय." मी मनात म्हटलं, आता ही काय करणार. तिने कानात बसणारं रबरी टोक बदललं, मोठ्या भोकांचं लावलं. कान बंद झाला की स्वतःच्या आवाजाचा खालचा भाग आत अडकतो. त्याला बाहेर जायला वाट दिली की रांजण जातो. पुढच्या खेपेला बाबांची तक्रार होती की भांडी अंगावर येतात आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं की पत्रा फाटतो. ती संगणकाकडे वळली, काहीतरी खाली आणलं, टेबलावर किल्ल्यांचा जुडगा आपटला. "आता?" "आता बरं." वर्तमानपत्राच्या बाबतीत मात्र तिने काही केलं नाही. "काका, पान वाजतंच. तुम्ही बरीच वर्षं ते ऐकलं नाहीये. थोडे दिवस वाजू दे." आणि खरंच, काही आठवड्यांनी ती तक्रार आपोआप बंद झाली. यंत्रात काहीही न बदलता.

सगळ्यात चांगलं वाक्य त्यानंतरच्या भेटीत आलं. बाबा बराच वेळ शब्द शोधत होते. मग म्हणाले, "सगळं फार जवळ आलंय. जरा लांब न्या." मला वाटलं, हे भाषांतर होण्यापलीकडचं आहे. ती मात्र लगेच म्हणाली, "पंख्याचा आवाज, स्वयंपाकघरातलं बोलणं, सगळं एकाच अंतरावर वाटतंय ना?" यंत्र बारीक आवाज उचलून धरतं आणि मोठे दाबून धरतं, म्हणजे दोन्हींतलं अंतर कमी होतं; आणि दूरचं काय नि जवळचं काय, हे कान बऱ्याच अंशी त्या अंतरावरूनच ओळखतो. बारीक आवाज उचलण्याचं प्रमाण तिने थोडं कमी केलं. बाबांनी खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "हां. भिंती परत गेल्या जागेवर."

यंत्राच्या माहितीपुस्तकात "भिंती" असा शब्द कुठेही नव्हता. नंतर मी तिला विचारलं, असले शब्द कळतात कसे? ती म्हणाली, सुरुवातीला नाही कळत. एक जण "डब्यातून" म्हणतो, दुसरा "विहिरीतून", तिसरा "सर्दी झाल्यासारखं". आपण काहीतरी हलवायचं आणि त्यांचा चेहरा बघायचा.

आवाजाचे शब्द कुणी गोळा करून ठेवले नव्हते असं नाही. तेराव्या शतकात देवगिरीला यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर या ग्रंथात गळ्याच्या आवाजाचे पंधरा गुण आणि आठ दोष नावानिशी दिलेत. गुणांत मधुर, कोमल, करुण, घन, स्निग्ध अशी आजही कळणारी नावं आहेत. श्रावक आहे, म्हणजे दूरवर पोचणारा. आणि छविमान आहे, म्हणजे ज्याला कांती आहे असा. दोषांत रूक्ष, स्फुटित, निःसार, कृश, भग्न. कावळ्याची आठवण करून देणारा काकोली आहे. पोकळ आवाजासाठी एरंडाच्या दांड्याची उपमा येते, आणि ती वाचताना एखादा विशिष्ट गायक डोळ्यांसमोर येतो (नाव लिहीत नाही, त्यांचे चाहते पुष्कळ आहेत). पण गुणांच्या त्या यादीत "चेहाल" असाही एक आवाज आहे. फार जाड नाही, फार बारीक नाही, स्निग्ध आणि घन, असं त्याचं लक्षण. लक्षण स्पष्ट आहे. तरी आज कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही की हा बघा, हा चेहाल. त्या काळी एखादा गुरू शिष्याला "अजून चेहाल नाही आला" म्हणत असेल, शिष्य गळा जरा वेगळा लावत असेल, गुरू मान डोलवत असेल. तो व्यवहार संपला आणि शब्द पोथीत राहिला. आत्याच्या शिकवणीतलं "आकार उघडा ठेव", "नाकात जाऊ देऊ नकोस", "आवाज दाबू नको, सोड" हेही असंच कुणी नुसतं लिहून ठेवलं, तर सातशे वर्षांनी वाचणाऱ्याला काय सोडायचं आणि कुठे, याचा पत्ता लागणार नाही.

इथे थांबलो असतो तर माझी उपपत्ती फार छान राहिली असती. पण माझा एक मित्र नाट्यगृहांत आणि मैफिलींना ध्वनिव्यवस्था सांभाळतो, आणि त्याने तिच्यात पाचर मारून ठेवली आहे.

आधी तो माझ्याच बाजूने बोलला. कलाकार काय म्हणतात आणि तो काय हलवतो, याची त्याच्या डोक्यात पक्की यादी आहे. "कोंडलाय" म्हणाले की २०० ते ४०० हर्ट्झच्या आसपास कमी करायचं. "टोचतोय" म्हणाले की तीन-चार हजारांत. "नाकातून येतोय" म्हणजे साधारण हजार. "माइक शिट्टी मारतोय" याचा अर्थ तर सगळ्यांना कळतो. "तबला फार पुढे येतोय" याचा अर्थ मात्र पुष्कळदा तबल्याशी नसतो. गायिकेला स्वतःचं ऐकू येत नसतं, म्हणून तिच्या समोरच्या स्पीकरमध्ये तिचाच आवाज वाढवायचा, तबला मुकाट मागे जातो. रिकाम्या सभागृहातली तपासणी त्याला अर्धवट वाटते. खुर्च्या भरल्या की माणसांचे कपडे वरची पट्टी पिऊन टाकतात, आणि संध्याकाळी पाचला "चरचरीत" वाटलेला आवाज सातला बरोबर होतो. म्हणून तपासणीच्या वेळी तो थोडं चरचरीत ठेवतो आणि शिव्या खातो.

मग म्हणाला, "पण खरं सांगू का? दहातल्या काही वेळा मी काहीच हलवत नाही." त्याच्या मिक्सरवर एक चॅनल असतं ज्याला काहीही जोडलेलं नसतं. बुवा म्हणतात, "वरचा सूर जरा पातळ येतोय." हा गंभीर चेहऱ्याने ते बटण थोडं फिरवतो, त्यांच्याकडे बघतो, हातानेच विचारतो, आता? बुवा एक आलाप घेतात. "वा! आता भरला." आणि त्याचं म्हणणं असं की तो खरोखर भरलेला असतो. कुणीतरी आपलं ऐकलं एवढ्याने गळा सैल पडतो, बुवा माइकच्या दोन बोटं जवळ येतात, आवाज जाड होतो. कानाला झालेला भास आणि आवाजात झालेला बदल यांतली सीमा कुठे, ते त्यालाही सांगता येत नाही.

ही फसवणूक आहे, असं मी म्हणालो. त्याला तसं वाटत नाही. मला अजूनही थोडं वाटतं. ऑडिओलॉजिस्टने बाबांशी असं केलेलं मला चाललं नसतं. पण वर्तमानपत्राच्या पानाबाबत तिनेही काहीच न हलवता तक्रार जाऊ दिली होती, आणि तेव्हा मला ती हुशारी वाटली होती. तिने निदान सांगून केलं, एवढा फरक मी धरून ठेवलाय. तो किती टिकेल माहीत नाही.

"पकडला गेलास तर?" मी विचारलं.

"एकदा चालतं, फार तर दोनदा," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा पुन्हा पातळच म्हणाले, तर समजायचं की खरंच पातळ आहे. मग उठून माइक बदलतो."

चांगला माइक आधीच का नाही लावत, यावर त्याने भाड्याचे दर सांगितले.